हात लागला!

आधी हात काढा माझ्यावरून. बघायचं असेल तर डोळ्यांनी बघा. मी काळा हत्ती बोलतोय, बुद्धिबळाच्या पटावरचा, कोपऱ्यातल्या घरात उभा राहणारा. मला सोंड नाही की सुळे नाहीत. पण माझ्या वाटेला जाण्याआधी चार लोकांना विचारा, ते आपापली बोटं दाखवतील.

मला कोणी खेळणं म्हटलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो. खेळणं कसलं? माझा जन्मच मारझोडीतून झाला. एका कातारी माणसाने लाकूड करवतीने चिरलं, माझा तुकडा यंत्रावर चढवला आणि गरगर फिरवत पटाशीने सोलून काढला. मी किंचाळत होतो आणि तो पठ्ठ्या शीळ घालत होता. मग मला उलटा करून त्याने बुडाला भोक पाडलं आणि पोटात वितळलेलं शिसं ओतलं. "हत्ती कसा जड पाहिजे. मूठ भरली पाहिजे," असं तो शेजारच्याला म्हणाला. त्या शिशाची आग निवेपर्यंत माझ्यातला सगळा मऊपणा जळून गेला होता.

पटावर आमच्या प्रत्येकाची एकेक तऱ्हा असते. उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं उडी मारून कुठून तरी टपकतो, वजिराचा थाट तर विचारूच नका. मी सरळ जातो आणि आडवा आला त्याला मारतो. त्यापलीकडे मला अक्कल नाही, आणि कधी हवीशीही वाटली नाही.

आमचा अख्खा संच मास्तरांनी विकत घेतला. मास्तर म्हणजे त्या काळचे अजिंक्यवीर. त्यांच्यासमोर बसायचं म्हटलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खाली यंत्रं धडधडायची, वर जमीन हादरायची आणि त्या हादऱ्यातच मास्तर पोरांना शिकवायचे.

बुद्धिबळात एक नियम आहे. ज्या मोहऱ्याला हात लावलात, तोच चालायचा. चुकून धक्का लागला तर जगात सगळीकडे माफ असतं, पण मास्तरांकडे नाही. सदऱ्याची बाही घासली तरी त्यांच्या लेखी हात लागला. शिवाय नुसती चाल करून सुटका नव्हतीच.

"हात लागला!" मास्तर गरजायचे. पोरगं निमूट हात पटावर ठेवायचं, तळवा खाली आणि बोटांची हाडं वर. मास्तर मलाच उचलायचे. प्यादं पडलं हलकं, घोड्याचे कान हाताला टोचतात. मी मात्र त्यांच्या मुठीत नेमका बसायचो. मुठीतून वर जायचो आणि खाली यायचो. टक्! हाडाचा आवाज लाकडासारखाच येतो बरं का.

खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. पटावर एका डावात दोन-चारदा मारायला मिळायचं, कधी तेही नाही. इथे रोज मेजवानी होती.

त्या पोरांमधल्या एकाचे हात मला तोंडपाठ होते. सगळ्यांत हुशार तोच, म्हणून सगळ्यांत जास्त मारही त्यालाच. "दगडाला घाव घालून काय उपयोग? घडवायचं ते हिऱ्यालाच," असं मास्तर म्हणायचे. पोरगं रडायचं नाही. टक् झालं की बोटं काखेत दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने चाल करायचं. एकदा मी जरा जोरातच उतरलो. त्याची करंगळी मोडली आणि नंतर वाकडीच सांधली गेली. मोडलेल्या बोटानेच त्याने त्या आठवड्यातली स्पर्धा मारली. मास्तरांनी त्याची वाकडी करंगळी चारचौघांत उंच धरली आणि म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात शिस्त!"

ते पोरगं मोठं होऊन अजिंक्यवीर झालं. लोक त्याला 'तोफ' म्हणायला लागले. तो मोहरा ठेवायचा नाही, आदळायचा. त्याने शह दिला की समोरच्याचा चहा बशीत सांडायचा. त्याचे डाव म्हणजे नुसती कत्तल असायची, आणि त्या कत्तलीत मी कायम पुढे. मास्तर थकले, खोली बंद झाली, तेव्हा त्यांनी आमचा संच तोफेच्या हवाली केला. मला वेगळा काढून त्याच्या हातात ठेवला. "ह्याचा खरा वारस तूच," ते म्हणाले. तोफेने मला मुठीत धरून तोललं आणि हसला.

तोफेने वर्ग काढला. चकचकीत दिवाणखाना, भिंतीला काचा, गार हवा. पालक दाराबाहेर खुर्च्यांवर बसायचे. आतून टक् असा आवाज आला की एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. "सर कडक आहेत हो." "म्हणून तर निकाल लागतात." माणसांची ही गंमत मला कधी उमगली नाही. पोराला ताप आला तर दवाखान्यात धावतात, आणि इथे त्याचीच हाडं वाजतात ते ऐकून समाधानाने घोट घोट चहा पितात.

मास्तरांची नात ह्याच वर्गात आली. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी बसेल तर शपथ! हात तर डोक्याच्या आधी धावायचे. साहजिकच माझी नि तिची रोज गाठ पडायची. पहिल्या दिवशी रडली. मग रडेनाशी झाली.

एके दिवशी वर्ग सुटता सुटता मास्तर दारात उभे राहिले. धाप लागलेली, चष्मा घामाने ओला. सोबत त्यांची सून होती, म्हणजे भिंगरीची आई. ती मागून त्यांचा सदरा ओढत होती.

"बाबा, चला घरी. उगीच तमाशा नको."

मास्तरांनी ऐकलं नाही. तोफेसमोर जाऊन म्हणाले, "काल भिंगरी माझ्याशी खेळायला बसली. तिचा चुकून उंटाला हात लागला. मी काही बोललोसुद्धा नाही रे. तिने आपणहून हात पटावर ठेवला. हाडं वर करून. डोळे मिटले आणि म्हणाली, 'आजोबा, लवकर मारा ना, मग मला चाल करायचीय.'"

"मग? शिकली की!" तोफ म्हणाला.

"मारू नकोस पोरांना. हात जोडतो."

तोफेने वाकडी करंगळी त्यांच्या चष्म्यासमोर नाचवली. "आता तुम्हाला पोरांची हाडं दिसायला लागली, मास्तर? नातीची आहेत म्हणून? हे कोणाचं काम आहे? तुम्ही मारलं नसतं तर आज मी कुठेतरी टायर बदलत बसलो असतो. मी जो काही आहे तो तुमच्या मारामुळे आहे."

"मारामुळे नाही. मार खाऊनसुद्धा तू जिंकलास. मी ते माझ्या नावावर लावून घेतलं."

"हे तोंडाने बोलायला काय जातंय? पटावर दाखवा. मला हरवलंत, तर ह्या वर्गात कोणाच्याही अंगाला बोट लावणार नाही, हा शब्द. मी जिंकलो, तर नात इथेच शिकेल, मी शिकवीन तशीच शिकेल आणि तुम्ही पुन्हा ब्र काढायचा नाही."

मास्तरांनी सुनेकडे बघितलं. ती मान फिरवून म्हणाली, "मी वर्गातून तिचं नाव काढणार नाही, बाबा. पोरीचं नशीब उघडतंय. आजोबा तुम्ही असाल, पण आई मी आहे." म्हातारा एकटा पडला. पोरीला सोडवायला त्याच्यापाशी आता एका डावाखेरीज काहीच उरलं नव्हतं.

"मांड पट," मास्तर म्हणाले.

डाव सुट्टीच्या दिवशी सकाळी ठरला. पोरं भिंतीला टेकून उभी, पालक आज आत. तोफेने मुद्दाम काळे मोहरे घेतले. "तुमचा लाडका हत्ती आज माझ्याकडून लढेल," असं म्हणून त्याने मला कोपऱ्यात ठोकून बसवलं. आता लपवायचं कशाला, माझंही मन तोफेकडेच होतं. मास्तर एकेक मोहरा दोन बोटांनी जपून मांडत होते. असल्या हाताने काय लढाई होणार?

तोफेने पहिल्यापासून धुमाकूळ घातला. दोन घोडे पुढे घुसवले, वजीर मैदानात आणला. एकेक मोहरा असा आदळत होता की प्यादी जागच्या जागी उडत होती. मास्तर मात्र मोहरा अलगद उचलायचे, अलगद ठेवायचे. मग तोफेने मला मुठीत धरलं, अख्खा पट सरळ तुडवत नेलं आणि पांढऱ्या राजासमोरच्या प्याद्यावर आपटलं. प्यादं उडून जमिनीवर गडगडत गेलं. पोरांच्या तोंडून एकदम "हाऽ" निघालं. तोफेने माझाच बळी दिला होता. राजाचं दार फोडायला हत्ती द्यायचा, ही त्याची जुनी चाल. मला काय, अभिमानच वाटला.

पांढऱ्या राजाने मला मारलं. मास्तरांनी मला पटावरून उचललं आणि सवयीने डाव्या मुठीत धरून ठेवलं. किती वर्षांनी त्या मुठीत गेलो! आता तिच्यात नुसती हाडं उरली होती.

त्यानंतर जे झालं त्याला खेळ म्हणायची माझी छाती नाही. शह, पुन्हा शह, पुन्हा शह! पांढऱ्या राजाला पळता भुई थोडी झाली. घरदार सोडून तो भर मैदानात आला, उघडाबोडका. तोफेने एक घोडा मारला, प्यादी कापली. मास्तरांनी एक हत्ती दिला, दोन मोहरे घेतले. वजिराने वजीर मेला. फटाफट मुडदे पडत होते आणि दोन्ही बाजूंना ढीग साचत होता. मी मेलेला होतो म्हणून एक बरं झालं, मला पहिल्यांदाच सगळा पट दिसला. आणि दिसलं ते असं, की एवढ्या कापाकापीतून म्हाताऱ्याचा राजा धडधाकट बाहेर आला होता. पटावर उरलं काय? पांढऱ्याचा राजा, उंट आणि थोडी प्यादी. काळ्याचा राजा, घोडा आणि तेवढीच प्यादी. काळा घोडा आपल्या एका प्याद्याला राखत होता आणि काळा राजा दुसऱ्याला. घोडा हलला असता तर सगळं संपलंच. राजाला मात्र प्यादं न सोडता अजून एक चाल होती.

तोफेने राजाकडे हात नेला. नेमका त्याच क्षणी मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसायला डावा हात वर केला. मी त्या मुठीत होतो.

तोफ दचकला. एवढा मोठा गडी, पण हात असा झटक्यात मागे ओढला की वाकड्या करंगळीने घोडा आडवा पाडला.

"हात लागला!" सगळी पोरं एकसुरात ओरडली. त्यांना तशीच सवय लावलेली होती. आणि ओरडून झाल्याबरोबर सगळ्यांनी आपापले हात पाठीमागे लपवले. कोणी सांगितलं नव्हतं. भिंगरीचेही हात पाठीमागे गेले होते. ते तिच्या आईने बघितलं आणि तोंडाला पदर लावावा तसा हात लावला.

तोफेने बोटं काखेत दाबून धरली होती. तोंड लालबुंद झालं होतं.

"लागला हात. घोडाच चालतो मी," तो म्हणाला.

"नाही. तो घोडा उभा कर आणि तुझ्या मनातली चाल कर," मास्तर म्हणाले.

"मला भीक नकोय तुमची!"

"भीक कसली बाबा? मी हात उचलला, तू घाबरलास. ही चाल झाली तर डाव मी जिंकेन, पण तो मारून जिंकलेला असेल. मग तुला मी कुठल्या तोंडाने सांगू? उभा कर तो घोडा." त्यांनी मला मुठीतून सोडलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. आयुष्यभर सदऱ्याच्या बाहीलाही माफी न देणारा माणूस हा! माझा तर कानांवर विश्वास बसेना.

तोफेने घोडा उभा केला आणि राजा एक घर सरकवला. उत्तम चाल होती.

मास्तरांनी बराच वेळ पटाकडे बघितलं. मग पार कडेचं, कोणाच्या खिजगणतीत नसलेलं एक प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. ना शह, ना धमकी, ना कोणाला मारलं.

"बस्स?" कोणीतरी हळूच म्हणालं.

तोफ पटाकडे बघत राहिला. मग खुर्चीत मागे टेकला. मग पुन्हा पुढे झाला. त्याचा राजा जागेवर होता, घोडा जागेवर होता, प्यादी प्याद्यांना भिडून अडकली होती. सगळं जिथल्या तिथे, अगदी पक्कं. पण बुद्धिबळात 'मी चालत नाही, तू चाल' असं म्हणता येत नाही. पाळी आली की चालावंच लागतं. राजा हलला तर एक प्यादं जातं, घोडा हलला तर दुसरं. समोर मारायला काही असतं तर तोफेने मारलं असतं. पण मारायला काही नव्हतं, आणि मारणं सोडून दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना. मला तरी कुठे सुचलं असतं!

शेवटी त्याने स्वतःच्या हाताने घोडा उचलला. मास्तरांनी उंटाने ते उघडं पडलेलं प्यादं घेतलं, आणि त्यांचं प्यादं वजीर व्हायला मोकळं झालं. काही चालींनी तोफेने आपला राजा आडवा केला.

"पोरांनो, नीट बघून ठेवा," मास्तर म्हणाले. "तुमच्या सरांची शेवटी एकही चाल चुकलेली नाही. तिथे मी त्यांचं काही मारलंही नाही. एक घर चाललो आणि थांबलो, एवढंच. हे मला तरुणपणी जमलं नाही."

खुर्ची मागे कोसळली. तोफ उभा होता आणि मी त्याच्या मुठीत होतो.

"आणि माझं काय?" तो ओरडला. "नातीची बोटं वाचली! माझ्या बोटांचं काय? तेव्हा का नाही थांबलात? तेव्हा कुठे मेली होती ही अक्कल?"

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. उजवा हात पटावर ठेवला, तळवा खाली आणि हाडं वर.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मार."

"बाबा!" सून किंचाळली.

मी खाली आलो. पोटातलं सगळं शिसं घेऊन आलो. एवढ्या जोरात मी आयुष्यात कधी उतरलो नव्हतो. माझ्या बुरुजासारख्या डोक्यावरचा एक दात उडून गेला, आणि मास्तरांची दोन बोटं मोडली. पांढऱ्या घरांवर रक्त पसरलं. मला कधी नव्हे ती त्या आवाजाची शिसारी आली.

भिंगरी भिंतीपासून सुटली ती थेट तोफेच्या मनगटावर. दात रोवून लोंबकळली. तोफेने तिला झटकलं नाही. ती चावत होती आणि तो तसाच उभा राहिला.

"सोड गं त्याला," मास्तर म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते तोफेकडे वळले. "झालं ना तुझं? हा शेवटचा. आता शब्द पाळ."

तोफ मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मग त्यानेच मास्तरांना उचलून गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. सून मागच्या आसनावर भिंगरीची बोटं दोन्ही हातांत धरून बसली होती म्हणे.

मास्तर आता डाव्या हाताने खेळतात. तोफेचा वर्ग अजून चालतो. काही पालकांनी पोरं काढून नेली, "सर आता पहिल्यासारखे राहिले नाहीत," म्हणून. भिंगरी येते. तिने स्वतःच यायचं ठरवलं.

पोरांचे हात अजूनही भलतीकडे लागतात. मग वर्गात एकदम चिडीचूप होतं आणि तोफेचा उजवा हात उचलला जातो. होय, अजूनही जातो. सवय ती सवय. मी कोपऱ्यातून बघत असतो. मग तो दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली कोंबतो, त्यांच्यावर दाबून बसतो आणि दात आवळून म्हणतो, "हं. चाल आता. जी होईल ती चाल."

पोरांना वाटतं, विचार करायची अजिंक्यवीरांची हीच पद्धत असणार. त्यामुळे हल्ली अख्खा वर्ग हातांवर बसलेला असतो. बाहेरचे पालक काचेतून बघतात आणि कौतुकाने म्हणतात, "नवीन तंत्र आलंय वाटतं!"

मी म्हातारा झालो, दातपडका झालो. नवे चकचकीत संच आले आहेत, मला अडगळीत टाकायचं चाललंय. टाका हवं तर, तक्रार नाही. पण कोणाला खेळायला दिलंत तर एवढं सांगून द्या. मी जड आहे आणि मला स्वतःची अक्कल नाही. ज्याच्या मुठीत असतो त्याचाच होतो. म्हणून मला एका घरातून दुसऱ्या घरात ठेवण्यापुरतं उचला. त्याहून वर उचलू नका.